कासवाचं कार्टून आणि तेविसावी खूण

त्या दिवशी साडेअकराला माझ्या वहीत तेवीस नावं होती आणि तेवीस नावांपुढे बरोबरच्या तेवीस खुणा होत्या. जंगलातून घरी आलेली माणसं बावीस होती. तेविसावी खूण मी केली होती, माझ्या हातानं, निळ्या पेनानं. ती करताना मनात एवढंच होतं की कार्टून सुरू व्हायला चार-पाच मिनिटं राहिली आहेत.

कार्टून लहान मुलांचं होतं. पाहणारी माणसं चाळिशी-पन्नाशीची होती. असं का, हे मला नंतर पुष्कळांनी विचारलं. कुणी हसत, कुणी रागानं. उत्तर एका वाक्यात देता येत नाही, म्हणून क्रमानं सांगते.

मी पोंभुर्णा तालुक्यातल्या एका गावात अंगणवाडी सेविका आहे. गावाच्या तीन बाजूंना जंगल आहे, चौथ्या बाजूला तलाव. आमचं घर मासेमारीचं. पावसाळ्यानंतर तलाव, उन्हाळ्यात तेंदूपत्ता. माझं काम वह्यांचं: वजनाची वही, लसीची वही, आहाराची वही. ती सवय घरातही शिरली आहे. लग्नाला जायचं असलं तरी पिशवीत काय काय घातलं ते मी आधी कागदावर लिहिते. नवरा लोकांना सांगतो, "हिच्यासमोर मराचं नाई बावा. हे बाई यादी केल्याबिगर तिरडी उचलू देनार नाई."

मे महिन्यात गावातल्या बायका उजाडता उजाडता जंगलात जातात, दहा-साडेदहापर्यंत पानांचं ओझं घेऊन परत येतात आणि मग मांडवात बसून पुडे बांधतात. एका पुड्यात सत्तर पानं. हात सवयीनं चालतात, डोळे मोकळे असतात. आमचा मांडव मोठा, म्हणून वस्तीतल्या बऱ्याचजणी आमच्याकडेच बसतात, आणि त्यांच्यासाठी मी टीव्ही खिडकीत बाहेर तोंड करून ठेवते. सुट्टीतल्या लेकरांनी ते कार्टून लावलं. तिसऱ्या दिवशी लेकरं तलावावर पळाली आणि बायका म्हणाल्या, "राहू द्या वो बाई, बंद नोका करू."

कार्टूनमध्ये एक म्हातारं कासव आहे. त्याच्याजवळ एक तराफा. रोज सकाळी ते पाच जनावरांना नदीपलीकडच्या रानात सोडतं आणि संध्याकाळी परत आणतं: ससा, साळिंदर, टिटवी, खार आणि एक चिचुंद्री. प्रत्येक भागाच्या शेवटी कासव तराफ्यावरची डोकी मोजतं आणि दर वेळी एक कमी भरतं. बहुतेक वेळा चिचुंद्रीच, कारण तिला नीट दिसत नाही. मग कासव दोर सोडत नाही. पाऊस येवो, अंधार पडो, बाकीचे कितीही कटकट करोत. कुणीतरी उतरून मागे जातं आणि राहिलेल्याला घेऊन येतं. मग कासव विचारतं, "गिनती पूरी?" सगळे ओरडतात, "पूरी!" रोज साडेअकराला लागतं, अकरा मिनिटांत संपतं. वाहिनी हिंदी, म्हणून भाषाही हिंदी. आमच्याकडे त्यानं काही अडत नाही.

एकदा आमच्या पर्यवेक्षिकाबाई भेटीला आल्या आणि मांडवात अठरा-वीस बायका कार्टूनपुढे बसलेल्या पाहून म्हणाल्या, "अहो, हे तर लहान मुलांचं आहे!"

माझी धाकटी जाऊ पुडा बांधता बांधता म्हणाली, "लेकरायले याच्यातलं काय समजते बाई?"

पर्यवेक्षिकाबाई हसल्या. मला मात्र ते पटलं. मी पाहिलं होतं, लेकरं चिचुंद्री चिखलात पडली की हसतात आणि मोजणी सुरू झाली की उठून जातात. त्यांच्या दृष्टीनं गोष्ट तिथे संपलेली असते. मोठी माणसं मोजणीसाठीच बसलेली असतात. आमच्या गावात रोज संध्याकाळी घराघरात हीच मोजणी चालते. शेळ्या आल्या का, सरपणाला गेलेली आली का, तलावावरून तो आला का. पण कुणी ती मोठ्यानं करत नाही. सासू नुसती दारात येऊन उभी राहते. नवरा उगाच रस्त्यापर्यंत जाऊन येतो. तोंडानं बोललं तर भीती खरी होईल असं वाटतं. ते कासव मोठ्यानं मोजत होतं, आणि त्याची मोजणी रोज पुरी भरत होती.

हे वेड फक्त आमच्या मांडवापुरतं नव्हतं. माझा भाऊ भद्रावती-चंद्रपूर गाडीवर कंडक्टर आहे. सुट्टीत आला, दोन भाग पाहिले आणि म्हणाला, "ताई, हे कासव आमच्या डेपोत पाह्यजे. मी त घंटी मारून मोकळा होतो." त्यानं मोबाइलवर एक गट काढला. त्यात त्याचा गणवेश शिवणारे चंद्रपूरचे एक टेलरभाऊ आले. मुसलमान घरातले, साठीकडे झुकलेले. उरलेल्या कापडाची मुठीएवढी कासवं शिवून ते दुकानात टांगत. कोरपन्याच्या बाजूला सिमेंटचा ट्रक चालवणारे एक ड्रायव्हर आले, त्यांच्या काचेपुढे टेलरभाऊंचं कासव लटकू लागलं. बघता बघता चाळीसजण झाले. चिचुंद्री रोज उशीर करते तरी कासव तिला रागावत का नाही, यावर दोन दिवस वाद चालला. ड्रायव्हरचं म्हणणं, रागावलं तर ती उद्या आवाजच देणार नाही. माझ्या भावाचं म्हणणं, एकदा दोन द्यायला पाहिजेत, प्रवासी सुधारतात.

या सगळ्यांत पुढे माझी जाऊ. घर शेजारचं, मधली भिंत एकच. मोजणी आली की ती नाकातून चिचुंद्रीचा आवाज काढायची, "रुको रे बाबा, मैं अभी बाकी हूँ!" आणि मांडव हसायचा. मला चिडवायला तिला आणखी एक मिळालं होतं. "आमचं कासव त घरातच हाये," ती बायकांना सांगायची, "फक्त पाठीवर ढाल नाई, काखेत वही हाये."

त्या वर्षी तेंदूपत्ता सुरू झाला आणि पहिल्याच आठवड्यात पाणवठ्याजवळ वाघिणीचे पगमार्क, म्हणजे पंजाचे ठसे, दिसले, सोबत दोन पिल्लांचे. वनरक्षक गावात येऊन बजावून गेले: एकटीनं जायचं नाही, नाल्यापलीकडे जायचं नाही, दहाच्या आत बाहेर. तेव्हा मी पद्धत ठरवली. पाच-सहा जणींची एक टोळी. प्रत्येक टोळीत एक मोजणारी. जंगल संपून जाळरेषा लागते, म्हणजे वणवा अडवायला साफ केलेला मोकळा पट्टा, तिथे तिनं डोकी मोजायची. गावात आल्यावर प्रत्येकीनं स्वतः माझ्या दारात येऊन "आली" म्हणायचं आणि मी खूण करायची. तेवीस खुणा झाल्या की मी मोबाइलच्या गटावर "पूरी" लिहायची. त्याआधी कार्टूनचा आवाज वाढवायचा नाही.

पद्धत चांगली होती. पण आठ दिवस सगळं सुरळीत गेलं आणि आम्ही सैल झालो. "ते मागून येऊन राह्यली, टाका वो तिची," असं कुणीतरी म्हणायचं आणि मी टाकायची. ती यायचीच. एकमेकींचं काम करायची आमची रीतच आहे. एकीचं ओझं दुसरीचा नवरा आणतो, एकीचं पाणी दुसरी भरते. तशीच एकीची खूण दुसरी सांगू लागली. त्यात काही चुकतं आहे हे मला, वह्या सांभाळण्यात पंचवीस वर्षं घातलेल्या बाईला, दिसलं नाही.

आदल्या दिवशीचा भाग भलत्याच ठिकाणी थांबला होता. दोर तुटून तराफा पाचही जनावरांना घेऊन वाहत गेला आणि कासव पलीकडच्या काठावर एकटं राहिलं. पुढचं उद्या. संध्याकाळभर गट नुसता तापला होता.

टेलरभाऊंनी लिहिलं, "कछुआ तो तैर सकता है, डर काहे का?"

ड्रायव्हरनं लिहिलं, "तराफा छोड के कहाँ जाएगा, चाचा?"

माझ्या जावेनं बोलून पाठवलं, "ते सगळ्यायले मोजते. त्याले कोन मोजन?"

दुसऱ्या दिवशी जो तो लवकर आवरायच्या घाईत होता.

सव्वादहाला जावेच्या टोळीतल्या चौघी आल्या. टोळी सहाजणींची, मोजणारी जाऊच. मी विचारलं, "बाकीच्या दोघी?"

"बुढीले घेऊन येऊन राह्यली ते. आमाले म्हने, तुमी चाला समोर."

बुढी म्हणजे आमच्या समोरच्या घरातली आजी. सत्तरी गाठली तरी पत्ता सोडत नाही आणि कुणाचं ऐकत नाही. मी दोन जागा मोकळ्या ठेवल्या. साडेअकराला पाच-सहा मिनिटं असताना पाहिलं तर आजी मांडवात पुढच्या रांगेत बसलेली, तोंडात सुपारी-तंबाखूचा खर्रा, मांडीवर पानं. आजी आली म्हणजे तिला आणणारीही आली. तरी मी भिंतीवरून जावेच्या अंगणात डोकावले. तिचं ओझं पोपटी लुगड्यात बांधलेलं असतं, लांबूनही ओळखू येतं. ते पडवीत पडलेलं होतं. दीर, म्हणजे तिचा नवरा, जाळरेषेपासून मोटरसायकलवर ओझी आणतो, ते मला माहीत होतं. ओझं घरी आहे, आजी घरी आहे. जाऊ हातपाय धूत असेल. मी दोन्ही खुणा केल्या, गटावर "पूरी" लिहिलं आणि आवाज वाढवला.

भाग चांगला होता. तराफ्यावर पाचजण, मोजणारं कुणी नाही, जो तो म्हणतो आपण सगळे आहोत की. चिचुंद्रीला दिसत नाही, म्हणून ती एकेकाला हात लावून पाहते आणि तीच म्हणते, एक कमी आहे. मग सगळे मिळून तराफा उलटा वळवतात. शेवटी तिनंच विचारलं, "गिनती पूरी?" मांडव ओरडला, "पूरी!"

आणि मग एकदम काहीतरी कमी पडलं. नाकातला आवाज आला नव्हता. एकजण हसत वळून म्हणाली, "आज आपली चिचुंद्री मुकी झाली का वो?"

मांडवाच्या मधल्या खांबाशी जावेची बसायची जागा. गर्दी कितीही असली तरी तिथे कुणी बसत नाही. जागा रिकामी होती. तिथे बारदानही अंथरलेलं नव्हतं.

मी भिंतीपाशी जाऊन हाक मारली. दुसऱ्यांदा मारली. मग फोन लावला. तो भिंतीपलीकडे वाजला. चार्जिंगला लावून गेली होती. जंगलात तसाही त्याचा उपयोग नसतो. तो वाजत असताना मांडवातल्या सगळ्या बायकांचे हात थांबलेले मी पाहिले.

मी आजीपुढे बसले. "आजी, तुले जाळरेषेवर आणलं कोनं?"

"मले काऊन कोनी आणन? माहे पाय नाई का?"

"कोनत्या वाटेनं आली?"

"तलावाच्या पाळीनं. जवळ पडते ना. कासव चुकू नाई म्हून."

"जाळरेषेवर गेलीच नाई?"

"नाई."

"तिले सांगून आली?"

आजी मांडीवरची पानं सारखी करू लागली. मागून एकजण म्हणाली, "अवो, मंग ते हिले पाहाले वापस आतमंदी गेली."

तेव्हा सगळं जुळलं. जाळरेषेवर जावेनं डोकी मोजली, ती पाच भरली. तिनं आपलं ओझं मोटरसायकलवर दिलं, चौघींना पुढे लावलं आणि आजीला शोधायला ती परत आत गेली. आजी त्या वेळी तलावाच्या पाळीवरून घरी निघाली होती. जाऊ आत गेली त्याला दोन तास होत आले होते, आणि त्यातली शेवटची वीस मिनिटं आम्ही पुडे बांधत आणि टीव्ही पाहत घालवली होती.

"आजी, तू कुठी तोडत होती?"

"इथीच. जाळरेषेपाशी."

मी तिच्या मांडीवरची पानं उचलली. मोठी, मऊ, एकही भोक नाही. जाळरेषेजवळची चांगली पानं पहिल्या चार दिवसांतच संपली होती. "हा पत्ता तिथचा नाई, आजी."

"तू गार्डाले सांगशीन."

"सांगन. आत्ताच सांगन."

"मंग मले उद्यापासून जाऊ देनार नाई."

"आजी," मी म्हणाले, "ते तुह्यासाठी एकटी गेली आतमंदी. उद्याचं सोड."

तिनं खर्रा थुंकला. डोळे माझ्याकडे नव्हते. "नाल्याच्या पल्याड. मोठा मोह वाकला हाये ना, तिथी."

तिथे जायची मनाई होती. पाणी तिथेच होतं आणि पगमार्कही तिथेच.

वनरक्षकांना फोन लागला ही त्या दिवसातली एक बरी गोष्ट. ते शेजारच्या गावातच होते. वनखात्यानं गावात नेमलेल्या पथकाचे चौघेजण काठ्या आणि सुतळी बॉम्ब घेऊन निघाले. मी चपला बदलल्या, पाण्याच्या दोन बाटल्या, गूळ, मीठ, ओढणी आणि पट्टीचा डबा घेतला. माझा मोबाइल सारखा वाजत होता. गटावर सगळे खुशीत होते. "पूरी!" "पूरी!" "क्या भाग था!" टेलरभाऊंनी कापडाच्या सहा कासवांचा फोटो टाकला होता. मी लिहिलं, "पूरी नाही. मी चुकीचं लिहिलं. माझी जाऊ जंगलात राहिली आहे."

गट एकदम थांबला. मग भावानं लिहिलं, "गाडी चंद्रपूरला लावून निघतो." टेलरभाऊंनी लिहिलं, "मशीन बंद करके बैठा हूँ. खबर देना बेटी." बाकीच्या प्रत्येकानं वाचल्याची खूण येत गेली.

जाळरेषेवर दीर भेटला. तो फळीवर होता, म्हणजे पुडे देण्याच्या जागी. तिथून तसाच आला होता. मोटरसायकल आडवी टाकून तो माझ्याकडे आला.

"वहिनी, तुमी त पूरी टाकली व्हती."

"हो."

"मी पाह्यली. म्हनलं, आली घरी. म्हून चहा प्याले थांबलो."

एवढं बोलून तो जंगलाकडे वळला. आणखी बोलला असता तर बरं झालं असतं.

वनरक्षक म्हणाले, बायकांनी इथेच थांबायचं. मी म्हणाले, ती उन्हानं वाळली असेल, पाणी कसं पाजायचं ते मला कळतं. ते म्हणाले, "मंदात चालाचं, बाई. पुढं नाई, मागं नाई."

दुपारचे साडेबारा. मेमधल्या आमच्या जंगलाला सावली नसते. सागाची पानं गळून खाली पडलेली असतात आणि पाय टाकला की कुरकुर वाजतात. आम्ही सातजण चाललो तरी तो आवाज मला पन्नासजणांचा वाटत होता. हाका मारायच्या नाहीत असं ठरलं होतं. वाघीण जवळ असली आणि ही कुठे लपली असली तर हाकेनं ही उठून पळेल, आणि पळायचं नसतं. मी मनात पावलं मोजू लागले. शंभर झाली की परत एकपासून. वाटेत तिची एक चप्पल सापडली, तीही नीट, पट्टा न तुटलेली. दीर वाकून उचलायला लागला. वनरक्षकांनी त्याचा दंड धरला. चपलेपुढे धुळीत पंजा उमटला होता. कडा अजून ढासळल्या नव्हत्या.

नाल्याच्या अलीकडे वानरं ओरडू लागली. तुटक, खोकल्यासारखा आवाज. आमच्याकडे हा आवाज सगळे ओळखतात. सगळे जागच्या जागी थांबले. वनरक्षकांनी बोट दाखवलं. नाल्यातला डोह आटून अंगणाएवढा उरला होता आणि त्या पाण्यात वाघीण बसली होती, मागचं अंग बुडवून, म्हशीसारखी. पिल्लं काठावर झोपली होती. उन्हाळ्यात वाघ असे पाण्यात तासन्‌तास बसतात हे मी ऐकलं होतं. तिच्या डोक्यावर, पंधरा-वीस हातांवर, वाकलेला मोह होता. त्याच्या दुबेळक्यात पदर डोक्यावर घेऊन एक गाठोडं बसलं होतं.

ते हलत नव्हतं.

दीरानं तोंडावर हात दाबला. मी गाठोड्याकडे पाहत राहिले. श्वास चालला आहे का ते इतक्या लांबून दिसत नव्हतं. मग पदराचं टोक सरकलं आणि एका हातानं ते परत ओढून घेतलं.

वनरक्षकांनी आम्हाला चढावर मागे नेलं, वाघिणीला जायला दुसरी बाजू मोकळी ठेवली आणि मग पहिला बॉम्ब लावला. दुसरा लावायची गरज पडली नाही. ती उठली, अंगावरचं पाणी झटकलं, आमच्या दिशेला एकदा पाहिलं आणि पिल्लांना पुढे घालून बांबूत शिरली. घाई तिला नव्हतीच. वनरक्षकांनी दहा मिनिटं थांबवलं. ती दहा मिनिटं मी घड्याळात पाहून काढली.

जावेला उतरता येईना. पाय बधिर झाले होते, टाचेला खोल चीर पडली होती, ओठांवर कोरडा पांढरा थर. दोघांनी खांदे दिले आणि दीरानं तिला अंगावर घेतलं. खाली टेकल्यावर तिनं त्याच्याकडे पाहिलं नाही, माझ्याकडेही नाही. आवाज फाटलेला होता.

"बुढी?"

"घरी हाये," दीर म्हणाला.

"कवाची?"

ते मी सांगितलं. "कार्टूनच्या आधीपासून."

तिनं डोळे मिटले. मी मीठ-गूळ घातलेलं पाणी घोट घोट पाजलं. एकदम पिऊ दिलं नाही. ती बाटली ओढत होती, मी धरून ठेवली होती. पाण्यासाठी ती माझ्यावर गुरगुरली तेव्हा मला वाटलं, ही वाचली.

वनखात्याच्या गाडीत मागे आम्ही दोघी. दीर पुढे. जाळरेषा ओलांडल्यावर मोबाइलला रेंज आली, मी गटावर लिहिलं, "सापडली. बरी आहे." मग तिचा पाय मांडीवर घेऊन चीर धुवायला घेतली. तिनं सांगायला सुरुवात केली. आजीला हाका मारत ती मोहापर्यंत गेली, वानरं ओरडली, खाली पाहते तर पाण्यात वाघीण बसलेली. कशी चढली ते तिला आठवत नव्हतं.

"ते वरती पाहे, मी खालती पाहो," ती म्हणाली. "मंग ते झोपली. मी नाई झोपली. मी म्हनलं, घाबराचं नाई. साडेअकरा झाले का बाई वही काढते. माही खूण नाई दिसली का अख्खं गाव उठवते. सूर्याकडं पाहून बसली व्हती मी. आता काढली असंन वही. आता ओरडली असंन. आता निघाले असंन."

पट्टीचं टोक माझ्या हातात तसंच राहिलं. हे दवाखान्यातून आल्यावर, तिला बरं वाटल्यावर सांगता आलं असतं. पण दीराला माहीत होतं, गटातल्या चाळीसजणांना माहीत होतं, आणि एकटी ती तेवढी माझ्यावर विश्वास ठेवून बसली होती.

"खूण व्हती," मी म्हणाले. "मी केली व्हती. तुहं ओझं पाह्यलं आन केली. तू दिसली नवती."

गाडी खड्ड्यातून गेली. पुढे बसलेल्या दीराची मान हलली नाही.

"मले न पाहता?"

"न पाहता."

"मंग मी त्या झाडावर कोनाच्या भरवशावर बसली व्हती?"

मी पट्टी पुरी गुंडाळली आणि गाठ मारली. तिनं पाय माझ्या मांडीवरून काढून घेतला आणि पोंभुर्ण्यापर्यंत बाहेर पाहत राहिली.

दवाखान्यात सलाइन लावायच्या आधी कागद करायचा होता. टेबलामागच्या सिस्टरनं नाव, गाव, वय विचारलं आणि मग, "सोबत कोण?"

"माही जाऊ हाये," ती म्हणाली. "तिले सगळं बराबर लिवता येते. तिच्याजवळच द्या कागद."

मी सगळं लिहिलं. एकही रकाना सोडला नाही. शेवटची ओळ भरायला पेन टेकवलं, तशी तिनं सुई टोचायची वाट पाहणारा हात पुढे करून पेन माझ्या बोटांतून काढून घेतलं.

"सही माही मी करन," ती म्हणाली.